बंगळुरूकडे जाणारे तास

बी. लुईस राईस यांच्या म्हैसूर गॅझेटिअरची पहिली आवृत्ती १८७७ची, सुधारित आवृत्ती १८९७ची. त्यात बंगळुरू जिल्ह्याच्या प्रकरणात आठवडे बाजारांची एक यादी आहे. गाव, तालुका, बाजाराचा वार आणि जमणाऱ्या माणसांचा अंदाज, असे तिचे रकाने. घाटी सुब्रह्मण्यच्या गुरांच्या जत्रेसारखे वार्षिक मेळे वेगळे नोंदवले आहेत. बंगळुरूभोवतालच्या खेड्यांतली माणसं किती वेळा आणि कशासाठी घराबाहेर पडत, हे शोधायला मी या यादीपासून सुरुवात करतो. राजे आणि लढाया यांच्याविषयी बोलणारे कागद खूप आहेत. रोज पहाटे डोक्यावर टोपली घेऊन निघालेल्या बाईविषयी बोलणारा कागद शोधावा लागतो, आणि तो शोधलाच पाहिजे असं मला वाटतं.

या यादीतून कळतं ते असं की गावाबाहेरच्या प्रवासाचं एकक दिवस नव्हतं, आठवडा होता. गॅझेटिअर अंतरं मैलांत देतं, त्यांचे तास आपण करायचे. देवनहळ्ळी बंगळुरूपासून सुमारे ३५ किलोमीटर. तासाला पाच किलोमीटर चालणाऱ्या धडधाकट माणसाला एका बाजूलाच सात तास लागणार, आणि भरल्या बैलगाडीला दहा. म्हणजे जाऊन-येऊन एका दिवसात होणारं हे काम नव्हतं, मुक्काम अटळ होता. रोजची ये-जा शक्य होती ती फार तर दहा किलोमीटरच्या घेरातल्यांना. बंगळुरूच्या कडेला भाजी-फुलांचे मळे पिकवणारा तिगळ समाज या घेरातला. करग उत्सवामुळे तो सर्वांना ठाऊक आहे, पण शहराच्या रोजच्या जेवणाशी त्याचा संबंध त्याहून घट्ट होता.

घेराबाहेरच्यांना शहरात शिकायचं किंवा काम करायचं तर घर सोडावं लागे. ज्यांनी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिक्षण घेतलं आणि खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले, ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळीचे. बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातून ते १८८१मध्ये बी. ए. झाले, ते शहरात राहून आणि एका कुटुंबातल्या मुलांच्या शिकवण्या करून. साठेक किलोमीटरवरच्या घरून ये-जा करण्याचा प्रश्नच नव्हता.

रेल्वे मात्र तोवर आली होती. १ ऑगस्ट १८६४ रोजी बंगळुरू छावणी ते जोलारपेट्टै हा मार्ग सुरू झाला आणि मालूर, बाउरिंगपेट (आजचं बंगारपेट) ही गावं रुळांवर आली. प्रवास तासांत मोजण्याजोगा झाला. तरीही गाडी आली म्हणजे रोजचं जाणं-येणं सुरू झालं, असा निष्कर्ष काढण्याची घाई अनेकजण करतात, ती मला मान्य नाही. त्यासाठी वेळापत्रक वाचावं लागतं, आणि त्यात गाडीचा वेग पाहायचा नसतो. पहिली गाडी कामाच्या वेळेआधी शहरात पोचते का, आणि शेवटची काम सुटल्यावर निघते का, एवढंच पाहायचं. कर्जत-कसाऱ्याच्या किंवा लोणावळ्याच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. मद्रासच्या टपालासाठी आखलेली गाडी मालूरच्या मजुराच्या सोयीची असेलच असं नाही.

चिक्कबळ्ळापूरचा मार्ग या दृष्टीनं वेगळा. विश्वेश्वरय्या १९१२ ते १९१८ या काळात म्हैसूरचे दिवाण होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९१५मध्ये, यशवंतपूरहून यलहंका आणि देवनहळ्ळीमार्गे चिक्कबळ्ळापूरकडे अडीच फुटी रुळांची छोटी रेल्वे धावू लागली. बंगळुरू-चिक्कबळ्ळापूर लाइट रेल्वे या कंपनीनं ती बांधली. पुढे हे रूळ कोलारमार्गे बाउरिंगपेटला जाऊन मिळाले. या मार्गावरच्या स्थानकांची नावं हाच एक दस्तऐवज आहे: दोड्डजाल, देवनहळ्ळी, आवतीहळ्ळी, नंदी हॉल्ट. जवळजवळची ही गावं. लांबच्या राजधान्या जोडणारा मार्ग असा आखत नाहीत. ज्या देवनहळ्ळीला सात तास पायपीट होती, तिथून आता सकाळी निघून संध्याकाळी घरी जेवायला येण्याची कल्पना तरी करता येऊ लागली. एका पिढीच्या अंतरानं, विश्वेश्वरय्यांच्या मुलखातली मुलं घर न सोडता शहराकडे पाहू शकली.

मधला काळ कारखान्यांचा. हिंदुस्थान एअरक्राफ्ट १९४०, आयटीआय १९४८, एचएमटी १९५३, बीईएल १९५४. कामगारांना पाळीच्या वेळी आणून सोडणाऱ्या कारखान्यांच्या स्वतःच्या बस हे त्या बंगळुरूचं ठळक वैशिष्ट्य. १२ सप्टेंबर १९४८ रोजी म्हैसूर सरकारच्या रस्ते वाहतूक खात्यानं १२० बस घेऊन काम सुरू केलं. खेड्यातला दिवस प्रथमच भोंग्याच्या वेळेला बांधला गेला.

कोलारच्या सोन्याच्या खाणींत हेच चित्र उलटं होऊन दिसतं. बाउरिंगपेटहून खाणींकडे जाणारा फाटा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टाकला गेला तो खाणींसाठी, आणि कामगार खाणीलगतच्या चाळींत राहून पायी कामावर जात. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. त्यानंतर खाणींजवळच्या मारिकुप्पमहून त्याच रुळांवरून हजारो माणसं बंगळुरूला कामाला जाऊ लागली. रेल्वेनं अंतर सुमारे ८५ किलोमीटर, वेळ एका बाजूला दोन तासांच्या पुढे. चार तास रोज प्रवासात. खाण बंद झाल्याचं नुकसान रुपयांत मांडलं गेलं, पण हे चार तास कोणत्याही भरपाईच्या हिशेबात बसत नाहीत.

जनगणनेनं हा प्रश्न विचारला, २००१मध्ये आणि पुन्हा २०११मध्ये. घरापासून कामाचं ठिकाण किती किलोमीटर, आणि तिथे कशानं जाता. उत्तरांत पायी, सायकल, दुचाकी, बस, रेल्वे असे पर्याय. किती वेळ लागतो, हे विचारलंच नाही. शिवाय याचे तक्ते 'इतर कामगारां'पुरते, म्हणजे शेतकरी आणि शेतमजूर वगळून. दोड्डबळ्ळापूरचा कापड कारखान्यातला मजूर तक्त्यात येतो. पहाटे फुलं घेऊन कृष्णराजेंद्र मार्केटला जाणारा शेतकरी मात्र 'शेतकरी' म्हणूनच नोंदला जातो, आणि त्याचा प्रवास कागदावरून नाहीसा होतो. ज्या बंगळुरू ग्रामीण जिल्ह्याची लोकसंख्या २०११मध्ये ९ लाख ९० हजारांच्या घरात होती, त्याच्या इतिहासात ही उणीव लहान नाही. १९८६मध्ये हा वेगळा जिल्हा झाला, तरी तीसेक वर्षं त्याचं जिल्हाधिकारी कार्यालय बंगळुरू शहरातच होतं. सातबारासारख्या एखाद्या उताऱ्याच्या तक्रारीपायी होसकोटे किंवा नेलमंगलच्या माणसाचा बुडालेला दिवस कोणत्या रकान्यात लिहिणार?

वेळ मोजला गेला तो फार उशिरा. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानं सहा वर्षांवरच्या माणसांचा पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चारपर्यंतचा दिवस अर्ध्या अर्ध्या तासांत नोंदवला. पण त्याचे निष्कर्ष देशाचे आणि राज्यांचे, तालुक्याचे नव्हेत. टॉमटॉमच्या २०२२च्या निर्देशांकानं बंगळुरूत दहा किलोमीटरला सरासरी २९ मिनिटं १० सेकंद लागतात असं जाहीर केलं आणि त्यावर खूप लिहिलं गेलं. ते आकडे शहराच्या मध्यभागी धावणाऱ्या मोटारींचे. होसकोट्याच्या फाट्यावर बसची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाची मिनिटं त्यात नाहीत, आणि खेड्यातल्या प्रवासात वाट पाहण्याचाच वाटा मोठा असतो.

११ जून २०२३ला कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली. राज्यातल्या स्त्रियांना सरकारी साध्या बसमध्ये प्रवास मोफत झाला, आणि प्रत्येक प्रवासासाठी शून्य रुपयांचं तिकीट फाडलं जाऊ लागलं. जुलै २०२५पर्यंत अशा तिकिटांची संख्या ५०० कोटींवर गेली. त्यांच्या खर्चावर वाद होत राहतील. मला त्यांत राईस यांच्या यादीचा वारसा दिसतो. खासगी बसवर अवलंबून असलेल्या मार्गांवरच्या बायका यात येत नाहीत, ही मर्यादा ध्यानात ठेवायला हवी. तरी चढण्याचं ठिकाण, उतरण्याचं ठिकाण आणि तिकिटाची वेळ वाहकाच्या यंत्रात असते. परिवहन महामंडळांनी ही माहिती नावं-ओळख वगळून, तालुकावार आणि तासवार जपून ठेवावी, आणि ती अभ्यासकांना खुली करावी. हिशेबतपासणी संपली की पुसून टाकण्याजोगे हे आकडे नाहीत.