चैत्रातील वेशपालट : शिरूर-दौंड परिसरातील ऋतुशृंगाराचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील वेशभूषेच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने पेशवेकालीन पुण्याकडे वळते. पैठणी, शालू, शेला, पगडी यांविषयी विपुल लेखन झाले आहे. परंतु त्याच पुण्याच्या पूर्वेस, भीमा आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यात वसलेल्या शिरूर व दौंड या तालुक्यांत थंडी सरल्यावर लोक अंगावरून काय उतरवून ठेवीत, काय नव्याने घालीत, केसांची व त्वचेची निगा कशी राखीत, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही. विषय वरवर पाहता हलका वाटतो. तथापि ऋतू पालटला की वेश पालटण्याची मुभा कोणाला होती आणि कोणाला नव्हती, असे विचारले की तोच विषय जमीन, कर्ज, जात आणि वैधव्य यांच्या इतिहासात जाऊन पोहोचतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या संदर्भात या मुभेचा शोध घ्यावयाचा आहे.

ग्रंथातला वसंत आणि रानातला वसंत

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ऋतुचर्येचे स्वतंत्र प्रकरण आहे. शिशिरात साठलेला कफ वसंतात पातळ होतो, म्हणून व्यायाम, उटणे आणि स्नान करावे व अंगास कापूर, चंदन, अगरू, केशर यांचा लेप लावावा, असे तेथे सांगितले आहे. पुढे ग्रीष्मासाठी चंदनाची व हलक्या वस्त्रांची योजना आहे. हा उपदेश ज्याच्या घरी कापूर आणि केशर आहे अशा नागरिकासाठी होता, हे उघड आहे. गाथासप्तशतीतील फाल्गुनोत्सवाचे उल्लेख त्या मानाने आपल्या मातीला अधिक जवळचे वाटतात.

शिरूर-दौंडचा बहुतांश भाग पर्जन्यछायेत येतो. येथील वसंत अल्पायुषी असतो. माळावरचा पळस फुलतो न फुलतो तोच चैत्राचे ऊन रखरखू लागते. फाल्गुनात शाळू काढून खळ्यावर येतो, होळी पेटते, पंधरवड्याने गुढी उभी राहते. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे तर पाडव्याच्या आदला दिवस, म्हणजे फाल्गुन अमावास्या, छत्रपती संभाजी महाराजांच्या स्मरणाचा असतो. १६८९ मध्ये याच तिथीस त्यांचा वध झाला. शोकाचा दिवस संपतो आणि दुसऱ्या सकाळी दारोदार नवे वस्त्र उभारले जाते. गुढीला नेसवलेला खण पुढे घरातील स्त्रीच्या चोळीसाठी शिवला जाई. वर्षाचे पहिले नवे कापड असे आधी काठीला आणि मग माणसाला मिळे.

घोंगडी, लुगडे आणि पाणी

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पुणे जिल्ह्याविषयीचा अठरावा खंड १८८५ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाला. त्यात जातवार पोशाखाची वर्णने आहेत. वर्णन करणाऱ्याची दृष्टी वसाहतवादी प्रशासनाची आहे, हे लक्षात ठेवूनही या नोंदींचे मोल कमी होत नाही. कुणबी पुरुषाचा पोशाख म्हणजे धोतर किंवा लंगोटी, बंडी, डोक्यास पागोटे व खांद्यावर घोंगडी. स्त्रियांचा पोशाख म्हणजे लुगडे आणि चोळी. वर्षभराची कपड्यांची पेटी एवढीच. अर्थात ऋतुबदल म्हणजे नवी खरेदी नव्हे. घोंगडी उन्हात टाकून, झटकून, कडुनिंबाचा पाला घालून घडी करून ठेवणे, हाच शेतकऱ्याचा वसंतारंभ. विणणाऱ्या धनगरांपैकी अनेकांचे कळप या सुमारास घाट उतरून कोकणात असत. त्यांचा चैत्र या खोऱ्यात उगवतच नसे.

उन्हाळ्यात पांढरे, विरळ व सैल कापड घालावे, हे कोणालाही समजते. तरीही शेतात राबणाऱ्या स्त्रियांचे लुगडे चैत्रातही गडद, बहुधा निळे किंवा काळपट असे. यास परंपराप्रियता म्हणण्याचा मोह अभ्यासकांना होतो. प्रत्यक्षात हा पाण्याचा प्रश्न होता. फाल्गुनानंतर विहिरी तळ गाठीत, नदीच्या पात्रात डोह तेवढे उरत. पांढरे कापड वरचेवर धुवावे लागते, गडद कापडावर धूळ आणि घाम लपतो. ज्याच्या दारी आड होता आणि ज्याचे कपडे परीट नेत होता, त्यालाच पांढरेपणा परवडे. शुभ्र धोतर आणि उपरणे ही उन्हाळ्याची सोय कमी व प्रतिष्ठेची खूण अधिक होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना तर पाणवठाच बंद होता. त्यांच्या कपड्यांच्या मळकटपणावर जे शेरे जुन्या लेखनात आढळतात, ते वाचताना हा बंद पाणवठा आठवला पाहिजे.

केसांचेही तेच. शिकेकाई आणि रिठा यांनी न्हाणे, मग तेल, सणावाराला गव्हला-कचोऱ्याचा सुवास, हा क्रम सर्वांना माहीत होता. पण न्हाण्यास दोन घागरी पाणी लागते आणि उन्हाळ्यात त्या दोन घागरींसाठी कोसभर चालावे लागे. खोबरेल कोकणातून घाट चढून येई, म्हणून महाग. गावात घाण्यावर निघे ते करडईचे, तिळाचे.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात मात्र ऋतुशृंगाराचे जवळजवळ शास्त्रोक्त रूप दिसते. चैत्र शुद्ध तृतीयेस गौर झोपाळ्यावर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघर सुवासिनींना बोलावणे जाते. हातास उगाळलेले चंदन लावणे, गुलाबपाणी शिंपडणे, मोगऱ्याचा गजरा देणे, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरणे, कैरीची डाळ आणि पन्हे देणे, या साऱ्यांत उष्म्यावरचा उतारा आहे. वाग्भटाचे चंदन या वाटेने माजघरात आले. पण ते आले सुवासिनींपुरते. या अटीकडे पुढे वळावयाचे आहे.

कुसुंबा

या परिसराला स्वतःचा एक वसंतरंग होता. करडई हे येथील रब्बीचे जुने पीक. काटेरी असल्याने ती ज्वारी-गव्हाच्या कडेने पेरीत, म्हणजे गुरे आत शिरत नसत. तिच्या बियांचे तेल निघे आणि पाकळ्यांपासून कुसुंबा हा तांबडा रंग मिळे. पाकळ्यांत पिवळा व तांबडा असे दोन रंग असतात. आधी पाण्याने पिवळा धुऊन काढावयाचा, मग खाराच्या पाण्यात तांबडा उतरवावयाचा आणि लिंबासारखे आंबट घालून तो कापडावर बसवावयाचा, अशी ही कृती. यातून गुलाबीपासून गडद लालपर्यंत छटा साधत. पागोटी, लग्नातील वस्त्रे यांसाठी या रंगाला मोठा मान होता.

कुसुंब्याचा दोष असा की तो टिकत नाही. उन्हाने विटतो, खाराने उतरतो. परिटाच्या एका धुण्यात वर्षाची शोभा जाई. त्यामुळे पागोटे जुनेच असले तरी लग्नसराईपूर्वी रंगाऱ्याकडे देऊन पुन्हा रंगवून घेण्याची रीत होती. नवे कापड न घेता नवे दिसण्याचा हा उपाय गरिबालाही साधण्याजोगा होता. कच्चा माल शेताच्या कडेलाच उगवत होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत युरोपातून आलेल्या रासायनिक रंगांनी तो संपवला. नवे रंग स्वस्त होते, झगझगीत होते. करडई शेतात राहिली, पण केवळ तेलापुरती. आज तिच्या फुलाचा रंगाशी असलेला संबंध गावातल्या थोड्यांनाच आठवतो, ही हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे.

बस्ता आणि सावकार

लोहमार्ग १८५० च्या दशकाच्या अखेरीस या भागात आला आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर दौंड हे महत्त्वाचे जंक्शन बनले. मुंबईच्या आणि विलायतेच्या गिरण्यांचे पातळ कापड आता तालुक्याच्या बाजारात सहज मिळू लागले. विकणारा दुकानदार पुष्कळदा सावकारही असे. चैत्र-वैशाख ही लग्नसराई. लग्नाचा बस्ता बांधावयाचा तो उधारीवर, आणि उधारीची नोंद खतात. वसंतातील नवे कापड व कर्ज यांची गाठ अशी पडली.

तिचे राजकीय रूप १८७४-७५ मध्ये दिसले. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे या गावी सावकारांविरुद्ध सामाजिक बहिष्कार सुरू झाला. लोकांनी त्यांच्या दुकानातून माल घेणे बंद केले. न्हावी, परीट, चांभार यांसारख्या बलुतेदारांनी त्यांची कामे नाकारली. हजामत आणि धुणे बंद करणे ही शिक्षा आज किरकोळ वाटेल. परंतु दाढी वाढलेला, मळक्या धोतरातला सावकार पेढीवर बसला की त्याची पत कशी दिसत असेल, याची कल्पना गावाला नेमकी होती. पुढे १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजारात दंगा उसळला, खते व चोपड्या जाळल्या गेल्या आणि उठावाचे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. आजच्या दौंड तालुक्याचा मोठा भाग त्या वेळी भीमथडीत मोडत होता.

शेतकरी लग्नकार्यात, कपड्यालत्त्यात उधळपट्टी करतो म्हणून कर्जबाजारी होतो, हे मत तेव्हाही प्रचलित होते. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने मात्र या कारणाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते, असा निर्वाळा दिला. असे प्रसंग क्वचित येतात आणि अनेक वर्षांच्या हिशेबात त्या माणसाने सुखासाठी एवढा खर्च करणे गैर नाही, असा आयोगाचा एकंदर सूर होता. सरकारी अहवालात रयतेच्या हौसेची अशी कड घेतलेली विरळाच आढळते. कर्जाचे मूळ सारापद्धतीत, अवर्षणात आणि व्याजात होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यामागे हीच चौकशी आहे. असे असूनही 'नव्या लुगड्याने बुडाला' हा शेरा शेतकऱ्याच्या कपाळी अजूनही मारला जातो.

केडगाव

आतापर्यंत ज्यांना वेश पालटणे परवडत नव्हते त्यांचा विचार झाला. ज्यांना ते निषिद्धच होते अशा स्त्रियांचा प्रश्न याहून कठीण आहे. पंडिता रमाबाईंनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीच्या इंग्रजी पुस्तकात दख्खनच्या ब्राह्मण विधवांचे वर्णन केले आहे. दर पंधरवड्यास डोके भादरणे, दागिने व रंगीत वस्त्रे वर्ज्य, अंगावर एकच जाडेभरडे वस्त्र. मराठीत त्या तांबड्या वस्त्राला आलवण म्हणत. नवरीची कुसुंबी आणि विधवेचे आलवण, दोन्ही लालच. एका लालीला ऋतू होते आणि दुसरीला नव्हते. चैत्रातले चंदन, मोगरा, हिरवा चुडा यांपैकी काहीही तिच्या वाट्यास येत नसे. हळदीकुंकवाचे बोलावणे दारावरून पुढे जाई. कुणबी, धनगर आदी समाजांत पाटाची मोकळीक होती व केशवपनाची सक्ती नव्हती, हा भेद नोंदवलाच पाहिजे. पण कुंकू आणि चुडा तेथेही पुसला जाई.

रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले, ते पुढे पुण्यास आले. शतकाच्या शेवटच्या दशकात त्यांनी केडगाव येथे, लोहमार्गालगत, जमीन घेतली. दुष्काळ आणि पुण्यातील प्लेग यांमुळे मुलींची वस्ती तेथे वाढली व मुक्ती सदन उभे राहिले. आजच्या दौंड तालुक्यातील हे ठिकाण. तेथे विहिरी खणल्या गेल्या, विणकाम, घाणा, छपाई ही कामे स्त्रिया शिकल्या. कापड, तेल आणि पाणी या तीन गोष्टींअभावी गावातील स्त्री अडत होती. त्या येथे विधवा आणि दुष्काळग्रस्त मुली स्वतः मिळवू लागल्या. धर्मांतराच्या वादाने या संस्थेच्या इतिहासातील ही साधी बाब झाकोळून टाकली आहे. सदनात आलेल्या विधवांचे केस वाढू लागले, हे तत्कालीन समाजाला धर्मांतराइतकेच खुपत होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

स्वतः रमाबाई छायाचित्रांत आखूड केसांच्या आणि शुभ्र, बिनकाठी वस्त्रातल्या दिसतात. वेशाची साधेपणाची निवड आणि साधेपणाची सक्ती यांतील अंतर त्यांच्याइतके कोणी जाणले नसेल. याच काळात, १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार जाहीर केला. करडे येथे सावकाराविरुद्ध खाली ठेवलेला वस्तरा येथे रूढीविरुद्ध खाली ठेवला गेला. ५ एप्रिल १९२२ रोजी, ऐन चैत्रात, रमाबाईंचे केडगाव येथे निधन झाले.

केशवपन पुढील काही दशकांत मागे पडले. नळ, कालवे व साबण आल्यावर गडद लुगड्यांची सक्तीही ओसरली. घोंगडीची जागा चादरीने घेतली आणि पाडव्याचा खण कपाटात पडून राहू लागला. हळदीकुंकवाची अट मात्र पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव ४ मे २०२२ रोजी केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. त्या वर्षी अक्षय्य तृतीया, म्हणजे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचा अखेरचा दिवस, ३ मे रोजी होती.