आजोबा, साहेब आणि बॅगपाइप

२६ जानेवारीला लेकीला घेऊन कस्तुरचंद पार्कवर गेलो होतो. संचलनात बॅगपाइप वाजले आणि तिने विचारलं, "बाबा, हे वाद्य आपलं आहे का?" म्हटलं, "नाही गं, स्कॉटलंडचं." "मग इथे कशाला?"

झालं! घरी येऊन पुस्तकं काढली.

१९१४ साली कलकत्त्यात 'कलकत्ता स्कॉटिश' ही पलटण उभी राहिली. किल्ट, बॅगपाइप, सगळा थाट हायलँडचा. शिपाई मात्र हौशी, म्हणजे नोकरी-धंदा सांभाळून कवायत करणारे तिथले स्कॉटिश लोक. अशीच एक हौशी पलटण आपल्या गावातही होती, नागपूर रायफल्स. किल्ट नव्हता, पण १९२० च्या ऑक्झिलरी फोर्सच्या कायद्याखाली दोघी बहिणीच. भरती फक्त युरोपियन आणि अँग्लो-इंडियनांची. हिंदी लोकांसाठी त्याच वर्षी वेगळी 'टेरिटोरियल फोर्स' काढली. १८५७ ची धास्ती साहेबाच्या मनातून कधी गेलीच नाही. दंगा झाला, संप झाला, तर रूळ आणि पूल सांभाळायला आपली माणसं हवीत, हा त्यामागचा हिशेब. बंगाल-नागपूर रेल्वेची तर स्वतःची बटालियन होती.

आमचे आजोबा याच रेल्वेत कारकून. शेजारच्या टेबलावर एक अँग्लो-इंडियन गृहस्थ. घरात त्यांचा उल्लेख नुसता 'साहेब' असा व्हायचा. रविवारी साहेब खाकी चढवून कवायतीला जात आणि सोमवारी पुन्हा त्याच टेबलावर. आजोबा एकदा म्हणाले होते, "चहा आम्ही एकाच किटलीतला प्यायचो. पण मी संपात उतरलो असतो, तर त्याची बंदूक माझ्यावरच रोखली गेली असती. हे त्यालाही ठाऊक होतं."

१९४७ साली या सगळ्या पलटणी मोडल्या. पुढे साहेब ऑस्ट्रेलियाला निघाले, तेव्हा आजोबा त्यांना स्टेशनवर पोचवायला गेले होते. "गाडी सुटली तेव्हा दोघंही रडलो," एवढंच सांगायचे.

१९४८ साली प्रादेशिक सेनेचा कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ ला राजाजींनी तिचं उद्घाटन केलं. नोकरी सांभाळून सैनिक व्हायची वाट आता कुठल्याही नागरिकाला मोकळी झाली, जातपात, वर्ण न बघता. १८१७ साली ज्या सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली, त्याच टेकडीवरच्या किल्ल्यात आज प्रादेशिक सेनेची बटालियन आहे. मला हे फार बरं वाटतं. आजोबांना बंदूक नको होती, पण ती मागायचा हक्क नव्हता, हे त्यांना कायम सलत राहिलं.

लेकीला म्हटलं, बॅगपाइप आता आपलाही आहे. वाजवणारी फुप्फुसं आपलीच ना!

असो. आजोबांच्या ऑफिसचा एक ग्रुप फोटो होता, त्यात साहेब त्यांच्या शेजारी उभे आहेत. आत्या, काका, कुणाकडे असला तर कळवा. लेकीला दाखवायचाय.