पंतोजींची शाळा व हाताचें शिक्षण

जुन्या दप्तरांत कधीं कधीं एकच ओळ पुनःपुन्हा गिरविलेलें पान हातीं लागतें. संग्राहक तें रद्दी समजून बाजूस टाकतात. आम्हींही पूर्वीं तसेंच केलें. ती चूक होती, असें आतां वाटतें.

पंतोजींच्या शाळेंत विद्या प्रथम हातांत उतरे. धूळपाटीवर काडीनें अक्षर काढावें, पुसावें, पुन्हा काढावें. हात स्थिरावला म्हणजे बोरू व कागद. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढे व्यवहारासाठींच होते. रुपयाचे १६ आणे व मणाचे ४० शेर ज्या बाजारांत चालत, तेथें पाव शेराचा भाव तोंडीं काढतां यावा लागे. पुढें मोडी वळण साधलें, कीं मुलगा कारकुनीस किंवा दुकानाची वही संभाळण्यास योग्य होई. मात्र हें दार सर्व जातींच्या मुलांस आणि मुलींस सारखें उघडें नव्हतें, हें विसरतां कामा नये.

ऑक्टोबर १९३७ मध्यें गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं वर्धा येथें भरलेल्या परिषदेनें सात वर्षांचें मोफत व सक्तीचें शिक्षण मातृभाषेंतून द्यावें, आणि तें हस्तोद्योगाभोंवतीं रचावें, असें ठरविलें. हातानें शिकण्याची रीत येथें जुनीच होती. ती सर्व मुलांसाठीं मागणें, हें नवें होतें.

या रीतीचा इतिहास लिहावयाचा तर साधन तें टाकाऊ पानच होय. म्हणून संग्राहकांस विनंती, कीं कित्त्याचें पान मिळाल्यास जपावें, आणि तें कोणत्या गांवच्या, कोणत्या दप्तरांत सांपडलें, हें त्याच वेळीं टिपून ठेवावें.