ओवीचे कूळ हातात

जात्यावर बसले की ओवी सुचते, ही म्हण आपण 'वेळ आली की मार्ग निघतो' एवढ्या अर्थाने वापरतो. तिचे मूळ शोधले, तर ती स्मरणाविषयीचे बारीक निरीक्षण ठरते. चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. म्हणजे उल्लेख आधी मुसळाचा; वसई-विरारसारख्या भातपिकाच्या मुलखात पूर्वी कांडण घरोघरचेच. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये ओवीला ग्रंथात नेले, पण तिची घडण कष्टात झाली. जात्यावर एक हात खुंटा ओढतो, दुसरा मूठमूठ दाणे टाकतो. कामाकडे लक्ष द्यावे लागत नाही आणि फेऱ्याच्या लयीवर पुढचा चरण आपोआप ओठांवर येतो.

ही निव्वळ घोकंपट्टी, असे कोणी म्हणेल. पण घोकलेले दर वेळी तेच येते. ओवीत मात्र ठरलेल्या चरणाला जोडून भावाचे नाव, माहेरचे गाव, आजचे दुःख नव्याने बसते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांत हे पानोपानी दिसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जागेमुळे आठवते, हेच पक्के नाही. पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवतात, असे मानसशास्त्रज्ञ गॉडन आणि बॅडली यांनी 1975 मध्ये पाणबुड्यांवर दाखवले. 2021 मध्ये तोच प्रयोग पुन्हा केल्यावर तसे आढळले नाही. मग जात्याची जागाच आठवण देते, असे ठामपणे म्हणता येत नाही. माझ्या मते मुद्दा जागेपेक्षा हाताचा आहे. मेंदू-मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांच्या एका रुग्णाला नवे काही आठवत नसे, तरी आरशात पाहून रेघ काढण्यात त्याचा हात दिवसेंदिवस सुधारत गेला. आदल्या दिवशीचा सराव मात्र त्याला ठाऊक नव्हता. हाताचे शिकणे जाणिवेच्या आड चालते, आणि ओवी त्याच्याच लयीला बांधलेली आहे.

दळण्या-कांडण्याचे कष्ट गिरणीने संपवले, ते उत्तमच झाले. त्यांचे गोडवे गाऊ नयेत. बायकांनी त्या कष्टांचे रडणेही ओव्यांतच मांडले आहे. पण लग्नात घाणा भरताना आंब्याची पाने बांधलेली मुसळे अजून हातात येतात. वसईकडच्या सामवेदी किंवा वाडवळी बोलीतली जुनी गाणी टिपायची असतील, तर आजीला खुर्चीवर बसवून 'आठवा' म्हणू नका. आधी तिच्या हातात मुसळ द्या आणि मग ध्वनिमुद्रण सुरू करा.