अकरावी कॉलेजात कशी गेली?



विचुंब्यातली मुलगी दहावी झाली आणि अकरावीला पनवेलला जायला लागली, की आजी शेजारी सांगते, “नात कॉलेजला जाते आमची.” तिकडे दिल्लीत तिच्याच वयाची मुलगी अकरावीत अजून शाळेतच, युनिफॉर्म घालून. असं का?

शाळा कुठे संपते आणि कॉलेज कुठे सुरू होतं, ही रेघ आपल्याकडे बरीच सरकलीय. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५६ पर्यंत दोन्ही एकत्रच होतं. त्याच सुमारास कोल्हापूरहून महादेव गोविंद रानडे तिथे आले. वय चौदा-पंधरा! १८५७ ला मुंबई विद्यापीठ झालं, १८५९ ला पहिली मॅट्रिक. त्यात रानडे पास, भांडारकरही पास. तेव्हापासून मॅट्रिक म्हणजे कॉलेजचं दार.

पुढे कित्येक वर्षं हिशोब असा होता: शाळेत अकरा वर्षं, मग पदवीची चार. मॅट्रिक अकरावीला. मग कोठारी आयोग आला, १९६४ ते ६६. त्यांनी सुचवलं दहा अधिक दोन अधिक तीन. बेरीज करून बघा, दोन्हीकडे पंधराच! नव्या पॅटर्नची पहिली दहावी महाराष्ट्रात १९७५ ला झाली.

आता गंमत ऐका. आयोगाचं म्हणणं होतं की विद्यापीठातले सुरुवातीचे वर्ग शाळांकडे द्या. आपल्याकडे काही शाळांना अकरावी-बारावी मिळाली खरी, पण बरेचसे वर्ग कॉलेजांच्याच आवारात बसले, ‘ज्युनियर कॉलेज’ नावाने. म्हणजे शाळेतली जुनी अकरावी उलट कॉलेजात गेली!

मला विचाराल तर हा घोळ पोरांच्या फायद्याचा ठरला. पनवेलला रयत शिक्षण संस्थेचं महात्मा फुले कॉलेज १९७० मध्येच सुरू झालं होतं, त्यामुळे कॉलेज म्हणजे मुंबईच, असं आसपासच्या गावांना राहिलं नव्हतं. ज्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, तिथल्या सोळा वर्षांच्या पोराला पदवीवाल्यांच्या शेजारी बसायला मिळणं साधी गोष्ट नाही. मोठी लायब्ररी दिसते, लॅब दिसते. टीवायचा दादा फॉर्म कसा भरायचा ते सांगतो. एफवायला गेल्यावर बुजायला होत नाही. (लेक्चर बंक करायलाही तिथेच शिकतात, ते सोडा.)

आज मात्र ‘इंटिग्रेटेड’च्या नावाखाली नाव कॉलेजच्या हजेरीपटावर आणि पोरगं दिवसभर क्लासमध्ये. फी दोन्हीकडे भरायची आणि लायब्ररीचं कार्डसुद्धा काढायचं नाही, हे मला पटत नाही.

त्यात २०२० च्या शैक्षणिक धोरणाने नववी ते बारावी हा एकच टप्पा धरलाय. रेघ पुन्हा सरकतेय. तुमच्यापैकी कुणी यंदा अकरावीत असेल, तर कॉलेजची लायब्ररी किती वाजेपर्यंत उघडी असते ते बघून मला व्हॉइस नोट पाठवा.