कंबर दुखत असताना झोपावे कसे? कडक गादी, उशीची जागा आणि कूस बदलण्याची पद्धत

कंबर दुखते म्हटले की घरातले कुणीतरी सांगतेच, ‘गादी काढ आणि जमिनीवर झोप.’ काही जण गादीखाली लाकडी फळी टाकतात. एके काळी डॉक्टरही असाच सल्ला देत. स्पेनमध्ये त्याची नीट पडताळणी झाली. जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना कडक, तर काहींना मध्यम कडक गादी दिली गेली. आपल्या वाट्याला कोणती आली, हे त्यांना सांगितले नव्हते. ९० दिवसांनंतर मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचे दुखणे जास्त कमी झालेले दिसले. हा अभ्यास २००३ साली ‘द लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

यामागचे कारण साधे आहे. कुशीवर झोपल्यावर शरीराचा भार खांदा आणि खुब्यावर येतो. अंथरूण फार कडक असेल तर हे दोन भाग आत दबत नाहीत, मधली कंबर अधांतरी राहते आणि स्नायू रात्रभर ताणलेले राहतात. उलट नवार सैल झालेल्या खाटेवर किंवा मधोमध खड्डा पडलेल्या गादीवर कंबर खाली लोंबते. कापसाच्या गादीत गोळे झाले असतील तर ती पिंजून घ्यावी. लगेच महागडी ‘ऑर्थोपेडिक’ गादी आणायची गरज नसते. तसेही ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द गादीवर छापला म्हणून ती औषधी होत नाही.

ज्यांना आयुष्यभर जमिनीवर झोपायची सवय आहे आणि त्याने त्रास होत नाही, त्यांनी ती मोडू नये. सतरंजीवर एक-दोन गोधड्या जास्त घातल्या की पुरते. त्यांची खरी अडचण झोपण्यात नसते, उठण्यात असते. ते पुढे पाहू.

उशी कुठे ठेवायची?

उताणे झोपून पाय सरळ पसरले की कंबरेची कमान वाढते. गुडघ्यांखाली उशी, छोटा लोड किंवा गुंडाळलेली चादर ठेवली तर ही कमान कमी होते आणि बऱ्याच जणांना पहिल्याच रात्री फरक जाणवतो. कुशीवर झोपणाऱ्यांनी गुडघे थोडे वाकवून दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी. ती नसेल तर वरचा पाय पुढे घसरतो आणि त्याच्याबरोबर कंबरेला पीळ पडतो. कुशीवर झोपताना डोक्याखालची उशी खांदा आणि मान यांमधली जागा भरेल इतकी जाड हवी. उताण्या झोपेसाठी त्याहून पातळ.

पालथे झोपल्याने कंबर आणि मान दोन्हींवर ताण येतो. सवय सुटतच नसेल तर पोटाखाली पातळ उशी घ्यावी. गरोदर स्त्रियांनी २८ आठवड्यांनंतर कुशीवरच झोपावे, असा सल्ला दिला जातो; पोटाखाली छोटी उशी घेतली की कंबरेवरचा ओढा कमी होतो.

सगळ्यांना एकच पद्धत लागू पडत नाही. उतारवयात मणक्यातली नसांची जागा अरुंद झाली असेल तर गुडघे पोटाशी घेऊन झोपल्यावर आराम वाटतो, कारण वाकल्याने ती जागा थोडी मोकळी होते. चकती सरकल्यामुळे पायात कळ येत असेल तर हेच मुटकुळे काहींना सोसत नाही. ज्या स्थितीत पायातली कळ कमी होते, ती आपली, एवढे ओळखले तरी पुरे.

कूस बदलताना आणि उठताना

रात्री अनेकदा कूस बदलताना चमक भरते आणि जाग येते. आधी गुडघे वाकवावेत, मग खांदे आणि कंबर एकदम वळवावेत, ओंडका लोटावा तसे. उठताना याच पद्धतीने कुशीवर यावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि हाताने रेटा देऊन बसावे. जमिनीवरून उठताना कुशीवरून आधी रांगण्याच्या स्थितीत यावे, मग खुर्ची धरून एक पाऊल पुढे टेकवून उभे राहावे.

रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची थोडी जास्त भरते ती यामुळेच. या वेळी वाकले तर चकतीवर एरवीपेक्षा जास्त ताण येतो. म्हणून उठल्यावर पहिला तास-दोन तास वाकून केर काढणे, भरलेली बादली उचलणे ही कामे टाळावीत. आपल्याकडे नेमकी हीच कामे सकाळी उठल्याउठल्या असतात, त्यामुळे घरातल्यांनी ती वाटून घेणे हा उपचाराचाच भाग समजावा.

शेक घ्यायचा तो झोपण्यापूर्वी. गरम पाण्याची पिशवी अंगाखाली ठेवून झोपू नये; मधुमेहात संवेदना कमी झालेली असेल तर चटका बसल्याचे कळतही नाही. आणि दिवसभर पडून राहणे नको. ‘पंधरा दिवस बेडरेस्ट’ हा सल्ला आता जुना झाला. फिनलंडमधल्या १९९५ सालच्या अभ्यासात, झेपेल तेवढी रोजची कामे चालू ठेवणारे रुग्ण अंथरुणावर पडून राहणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाले होते.

उशीने न सुटणारे दुखणे

बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत ओसरते. पण चाळिशीच्या आतल्या व्यक्तीला उत्तररात्री दुखण्याने जाग येत असेल, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ कंबर आखडत असेल आणि विश्रांतीऐवजी हालचालीने बरे वाटत असेल, तर तो मणक्याचा संधिवात असू शकतो. त्यासाठी संधिवाततज्ज्ञ गाठावा. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, जांघेत व बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, पायांतली ताकद जाणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे. उशीर झाला तर हे नुकसान कायमचे राहू शकते.

कोणत्याही स्थितीत न थांबणारे रात्रीचे दुखणे, संध्याकाळचा बारीक ताप आणि उतरत चाललेले वजन, ही लक्षणे मणक्याच्या क्षयरोगाचीही असतात. भारतात हा आजार दुर्मीळ नाही. तो औषधांनी बरा होतो आणि त्याची तपासणी व औषधे सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात.