नाशिक जिल्ह्यातील सार्वजनिक आरोग्यसेवा

नाशिक जिल्ह्यातील सार्वजनिक आरोग्यसेवा महाराष्ट्र शासनाचा सार्वजनिक आरोग्य विभाग, नाशिक जिल्हा परिषद आणि नाशिक व मालेगाव या दोन महानगरपालिका यांच्यामार्फत चालविली जाते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ६१,०७,१८७ होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश होते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे (स्थापना १९९८) मुख्यालय नाशिक येथे आहे. तथापि तज्ज्ञ उपचारांच्या सोयी मुख्यतः नाशिक शहरात एकवटल्या असून पश्चिमेकडील डोंगराळ तालुक्यांतील रुग्णांना त्यांसाठी लांबचा प्रवास करावा लागतो.

भौगोलिक पार्श्वभूमी

जिल्ह्यात १५ तालुके आहेत. पश्चिमेकडील सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी हे तालुके सह्याद्रीच्या रांगांत वसलेले, अतिपावसाचे व आदिवासीबहुल आहेत. येथील वस्ती लहान लहान पाड्यांत व वाड्यांत विखुरलेली असून पावसाळ्यात ओढे-नाल्यांना पूर आल्यास अनेक पाड्यांचा संपर्क तुटतो. पूर्वेकडील येवला, नांदगाव, चांदवड, सिन्नर या तालुक्यांत पर्जन्यमान कमी असल्याने तेथे उन्हाळ्यातील पाणीटंचाई व दूषित पाण्यापासून होणारे आजार हा आरोग्याचा प्रमुख प्रश्न ठरतो.

रचना

ग्रामीण भागातील उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे आहेत, तर ग्रामीण रुग्णालये, उपजिल्हा रुग्णालये व जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अधिपत्याखाली येतात. या संस्थांसाठी ठरविलेले लोकसंख्येचे निकष पुढीलप्रमाणे आहेत :

उपकेंद्र : सपाट प्रदेशात ५,०००, डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्या
प्राथमिक आरोग्य केंद्र : अनुक्रमे ३०,००० व २०,०००
ग्रामीण रुग्णालय : अनुक्रमे १,२०,००० व ८०,०००

आदिवासी भागासाठी निकष शिथिल असले, तरी ते माणसांच्या संख्येवर आधारलेले आहेत, अंतरावर नव्हेत. पेठ-सुरगाण्यासारख्या प्रदेशात ३,००० लोक अनेक पाड्यांत विभागलेले असतात. त्यामुळे निकष पूर्ण होऊनही प्रत्यक्षात एखादा पाडा उपकेंद्रापासून कित्येक किलोमीटर दूर राहू शकतो.

आदिवासी तालुके

कुपोषण, मातामृत्यू व बालमृत्यू रोखण्यासाठी राज्यातील आदिवासी भागांत १९९५ पासून नवसंजीवन योजना राबविली जाते. तिच्या अंतर्गत फिरती वैद्यकीय भरारी पथके पाड्यांवर जाऊन तपासणी करतात. दुर्गम भागातील गर्भवती स्त्रियांना प्रसूतीच्या आधी काही दिवस आरोग्य केंद्राजवळ राहता यावे, यासाठी ‘माहेरघर’ ही योजना आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून गावोगावी ‘आशा’ स्वयंसेविका नेमल्या गेल्या. गर्भवतींची नोंद, लसीकरण व रुग्णाला केंद्रापर्यंत नेणे ही कामे त्या करतात.

२०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची विनामूल्य रुग्णवाहिका सेवा उपलब्ध असून ती ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. मात्र जेथे मोटार जाण्याजोगा रस्ता नाही, तेथे रुग्णाला झोळीतून किंवा पायी मुख्य रस्त्यापर्यंत आणावे लागते. जुलै २०२३ मध्ये इगतपुरी तालुक्यातील एका वाडीवरील गर्भवती स्त्रीला रस्त्याअभावी भर पावसात चालत जावे लागले व पुढे तिचा मृत्यू झाला. त्यानंतर वाड्या-पाड्यांच्या रस्त्यांचा प्रश्न पुन्हा चर्चेत आला.

सुरगाणा हे ठिकाण नाशिकपासून सुमारे ९० किलोमीटरवर आहे. सीमेलगतच्या गावांना गुजरातमधील रुग्णालये तुलनेने जवळ पडतात. डिसेंबर २०२२ मध्ये यांतील काही गावांतील रहिवाशांनी रस्ते, पाणी व आरोग्य यांच्या सोयी नसल्याचे कारण देऊन गुजरातमध्ये समाविष्ट करण्याची मागणी केली होती.

नाशिक शहर

त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा रुग्णालय आणि विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय येथे जिल्ह्यातील तसेच शेजारच्या जिल्ह्यांतील रुग्ण येतात. महानगरपालिकेची बिटको, डॉ. झाकीर हुसेन व इंदिरा गांधी ही रुग्णालये, तर सातपूर येथे कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे.

ऑगस्ट २०१७ मध्ये जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अर्भक कक्षात ५५ बालकांचा मृत्यू झाल्याचे उघड झाले. अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची बालके अत्यवस्थ स्थितीत उशिरा दाखल होत असल्याचे रुग्णालय प्रशासनाने सांगितले. एकाच पेटीत एकाहून अधिक बालके ठेवावी लागत असल्याचेही त्या वेळी समोर आले. खालच्या स्तरावर उपचार न मिळाल्यास त्याचा भार अखेरीस जिल्ह्याच्या ठिकाणी पडतो, हे या घटनेतून दिसून आले.

२१ एप्रिल २०२१ रोजी कोविड-१९ च्या दुसऱ्या लाटेत डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयातील द्रवरूप प्राणवायूच्या टाकीतून गळती झाली. पुरवठा खंडित झाल्याने त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. राज्य शासनाने विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली.

मालेगाव

यंत्रमागाचे केंद्र असलेले मालेगाव हे जिल्ह्यातील दुसरे मोठे शहर असून तेथील वस्ती अत्यंत दाट आहे. एप्रिल २०२० मध्ये येथे कोविडचा झपाट्याने प्रसार झाला. टाळेबंदीत अनेक खासगी दवाखाने बंद राहिल्याने इतर आजारांच्या रुग्णांचीही गैरसोय झाली. शहरातील सामान्य रुग्णालय हा परिसरातील गरीब रुग्णांचा मुख्य आधार आहे.

उपचारांचा खर्च

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली व त्याच वेळी ती नाशिक जिल्ह्यातही आली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. प्रतिकुटुंब वार्षिक संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपये करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. शस्त्रक्रिया व गंभीर आजारांच्या खर्चाला योजनेमुळे आधार मिळतो. मात्र रुग्णाची बुडालेली मजुरी व सोबतच्या नातेवाइकांचा शहरातील राहण्याचा खर्च कुटुंबालाच सोसावा लागतो.

सिंहस्थ कुंभमेळा

दर बारा वर्षांनी भरणाऱ्या सिंहस्थात पाणी, स्वच्छता, साथनियंत्रण व तातडीच्या उपचारांचा मोठा ताण यंत्रणेवर येतो. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकमधील चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा मृत्यू झाला. पुढील सिंहस्थ २०२६-२७ मध्ये आहे.

वैद्यकीय शिक्षण

मराठा विद्या प्रसारक समाजाचे आडगाव येथील वैद्यकीय महाविद्यालय १९९० मध्ये सुरू झाले. आरोग्य विद्यापीठ असूनही जिल्ह्यात पदवी स्तरावरील शासकीय अ‍ॅलोपॅथी महाविद्यालय बराच काळ नव्हते. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या शासकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत नाशिकचा समावेश होता. शासकीय महाविद्यालयातील एम.बी.बी.एस. पदवीधरांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा बजावावी लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील रिक्त पदे भरण्याचा हा एक मार्ग आहे.